‘त्या काळी बाईला कुठलं आलंय आयुष्य’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या वाचनाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तीन जणांनी तीनदा टाकला म्हणून शेवटी बसले लिहायला. म्हणणं थोडक्यात असं: बायबलमधल्या बायकांवर ज्या कादंबऱ्या निघतात, रूथ, दीना, एस्तेर, येशूची शिष्या मरीया मग्दालीया वगैरे, त्या सगळ्या थापा. कारण त्या काळात बाईला जमीनजुमला नव्हता, आवाज नव्हता, ती तोंड झाकून घरात बसायची, तिच्या रोजच्या जगण्याचा काडीचा पुरावा नाही, आणि धर्मग्रंथात नसलेलं घुसडायचं हे फॅड आजकालचं.

कादंबरीत थापा असतात हे मान्य, त्याचेच तर पैसे देतो आपण. बाकीचं बघू.

आधी जमीन. बायबलमधल्या गणना पुस्तकाचा २७वा अध्याय उघडा. सलाफहादला मुलगा नव्हता, तर त्याच्या पाच मुली सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहून इस्राएली लोकांचा पुढारी मोशे याला विचारतात की बापाचं वतन आम्हाला का नाही, आणि त्यांना ते मिळतं. पाचही जणींची नावं दिलीयेत, महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. आता पुढे ३६व्या अध्यायात अट येते की लग्न आपल्याच वंशात करायचं, म्हणजे जमीन बाहेर जायला नको, हेही सांगायला हवं नाहीतर मी पण त्या मेसेजवाल्यासारखी अर्धंच सांगतेय असं होईल. बायबलमधलीच शुनेम गावची एक बाई दुष्काळात सात वर्षं परदेशी राहून परत येते आणि थेट राजाकडे जाऊन आपलं घर आणि शेत सोडवून घेते.

ही झाली ग्रंथातली गोष्ट, पण कागदपत्रंही आहेत! नाईल नदीत एलेफंटाइन नावाचं बेट आहे, आजच्या आस्वानजवळ, तिथे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ज्यू सैनिकांची वसाहत होती. तिथल्या मिब्ताहिया नावाच्या बाईचे दस्तऐवज सापडलेत, बापाने तिच्या नावावर घर केलेलं, आणि लग्नाच्या करारात स्पष्ट लिहिलंय की मंडळीसमोर उभं राहून तीसुद्धा नवऱ्याला सोडू शकते. सगळीकडे असंच होतं असं मी म्हणत नाहीये, पण ‘नव्हतंच’ म्हणणाऱ्याला एवढं पुरे.

आवाजाचं उत्तर लांबवत नाही. बायबलमधली संदेष्टी दबोरा खजुरीच्या झाडाखाली बसून न्यायनिवाडा करायची, लोक डोंगर चढून तिच्याकडे यायचे. आणि देवळात ग्रंथ सापडला तेव्हा योशीया राजाने त्यातल्या वचनांबद्दल देवाला विचारायला माणसं पाठवली ती हुल्दा नावाच्या संदेष्टीकडे.

तोंड झाकण्याचं तर चित्रच आहे. ७०१ साली, इसवी सनापूर्वी, अश्शूरचा राजा सन्हेरीब याने यहूदा राज्यातलं लाखीश शहर जिंकलं आणि तो सगळा देखावा आपल्या राजधानीतल्या, निनवेच्या राजवाड्यात दगडात कोरून घेतला, ते दगड आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यात शहर सोडून निघालेल्या यहूदी बायका आहेत, डोक्यावरून घोट्यापर्यंत लांब शाल, चेहरा उघडा, अनवाणी, खांद्यावर बोचकं. उलट बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, तामार तोंड झाकून रस्त्यावर बसते तर तिच्या सासऱ्याला, यहूदाला, ती वेश्या वाटते, मग रोज सगळ्याच बायका तोंड झाकत असत्या तर त्याला तसं कशाला वाटलं असतं? घरात बसण्याबद्दल म्हणाल तर राहेल मेंढरं राखायची आणि रूथ दिवसभर उन्हात सातूच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीनंतर मागे राहिलेली कणसं, वेचायची. सरवा हा शब्द आपल्या मराठी बायबलमध्येच आहे आणि ज्यांच्या आज्यांनी तो वेचलाय त्यांना रूथ वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आता पुरावा नाही म्हणे. इथे मला खरंच राग आला, कारण राजांच्या लढायांचे पुरावे शोधताना नाकी नऊ येतात पण दळणाचे दगड, मातीची मडकी, तंदूरसारख्या भट्ट्या, मागाला ताण द्यायला लावायची मातीची वजनं ही इस्राएलमध्ये गावोगाव उकरून काढलीयेत. दळण्याचा दगड तेव्हा आपल्या गोल जात्यासारखा नव्हता, आपल्या पाट्यासारखा, खाली लांबट दगड आणि वर दोन्ही हातांनी मागेपुढे रेटायचा दुसरा, फिरणारं जातं पुष्कळ नंतरचं. अभ्यासकांचा अंदाज आहे की एका कुटुंबापुरतं पीठ काढायला रोज दोन-तीन तास लागत. रोज! गुडघ्यावर बसून. माझी आजी पहाटे जात्यावर बसायची, ती म्हणायची हात दुखतात ते कळतं पण कंबर बोलते ते कोणाला सांगायचं.

माझी त्या कादंबऱ्यांबद्दल तक्रार आहे ती इथे, आणि मेसेजच्या नेमकी उलट. लेखक त्या बायकांना ताकद जास्त देत नाहीत, काम कमी देतात. नायिका विहिरीवर बसून तासन् तास विचार करते, प्रेमात पडते, आणि पीठ कुठून येतं कोण जाणे. बायबलमधली अबीगईल नवऱ्याला न सांगता, पुढे राजा झालेल्या दाविदाच्या माणसांसाठी २०० भाकरी, पाच मेंढरं, अंजिराच्या २०० ढेपा गाढवांवर लादून निघते, तिचं धाडस सगळे रंगवतात, पण २०० भाकरींचं दळण कोणी दळलं? त्या दासींवर एक प्रकरण लिहा की. आणि पाळीच्या दिवसांत सगळ्या बायका एका तंबूत मजेत गप्पा मारतात हे काही कादंबऱ्यांतलं चित्र, ते मात्र बायबलमध्ये कुठेच नाही, बायबलच्या लेवीय पुस्तकात विटाळाचे नियम आहेत, तंबू नाही.

राहिलं घुसडण्याचं फॅड. योसेफाची मिसरी बायको आसनथ, उत्पत्तीत तिला फक्त नाव, बापाचं नाव आणि दोन मुलगे, पण सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी ग्रीकमध्ये तिच्यावर अख्खी प्रेमकथा लिहून ठेवली. अब्राहामाच्या आईचं नाव बायबलात नाही, ते तालमुद या ज्यूंच्या नंतरच्या धर्मग्रंथात दिलंय. मग्दालीया वेश्या होती हे शुभवर्तमानात कुठेही नाही, ते ५९१ साली पोप ग्रेगरींच्या प्रवचनातून पसरलं, मग घुसडलं कोणी? आणि आपल्याकडे गोव्यातले इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली बायबलच्या गोष्टी सांगणारं ख्रिस्तपुराण छापलं ते दहा हजारांहून जास्त मराठी ओव्यांत, कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्रायली, एकोणिसाव्या शतकात याच गोष्टींवर मराठीत कीर्तनं करायचे. आजकालचं म्हणे.

जाता जाता एका ज्यू बाईचं नाव सांगते, बाबथा. १९६१ मध्ये मृत समुद्राजवळच्या गुहेत तिची कातडी पिशवी सापडली, आत तिचे पस्तीसेक कागद, खजुराच्या बागा, पोरक्या मुलाच्या खर्चासाठी पालकांवर केलेली केस, सवतीशी भांडण. तिला लिहिता येत नव्हतं, तिच्या वतीने दुसरे लिहायचे, पण कागद एकूण एक जपून ठेवलेला. इसवी सन १३२ नंतर ती कागदांत दिसत नाही, त्याच सुमाराला रोमनांविरुद्ध ज्यूंचं बंड पेटलं होतं. हिच्यावर कोणी मराठीत कादंबरी लिहिली तर पहिली प्रत मी घेईन, फक्त तिच्या घरात दळण कोण दळतं ते विसरू नका.