चिरेबंदी घराला पारंपरिक पडवी जोडताना

सिंधुदुर्गात तुमच्या पणजोबांनी बांधलेलं जांभ्या चिऱ्याचं घर अजून उभं असेल, तर अभिनंदन. आता त्याची वाट लावायला हरकत नाही. थेट पाडू मात्र नका. पाडलंत तर काका बोलतील, आत्या रडेल, आणि सातबाऱ्यावर नाव आहे हे इतकी वर्षं विसरलेला ठाण्याचा चुलतभाऊ अचानक जागा होईल. होमस्टे काढायचा म्हणून घर वाढवायचं, आणि तेही पारंपरिक पद्धतीने. परंपरेच्या नावाने काहीही केलं तरी आपल्याकडे कुणी आडवं येत नाही.

परवानगीच्या अर्जात 'बांधकाम' हा शब्द घालू नये, 'पडवीची दुरुस्ती' असं लिहावं. दुरुस्तीत दोन बेडरूम, दोन बाथरूम आणि जाहिरातीतला 'हेरिटेज कॉर्नर' आरामात बसतो. सहहिस्सेदारांच्या सह्या गणपतीत घ्या, आरती झाल्यावर आणि पत्ते मांडण्याआधी. त्या अर्ध्या तासात कोकणी माणूस कशावरही सही करतो. एरवी तो स्वतःच्या वाटणीपत्रावरही करत नाही.

मग डिझाइन. मोबाइलवर चित्रं शोधा आणि जे आवडेल ते सगळं घ्या. चेट्टिनाडचे सागवानी खांब, जोधपुरी झरोका, केरळी दरवाजा, मध्ये एखादा पेशवाई झुंबर. ही कुणाची परंपरा, असं एखादा खवचट पाहुणा विचारेल. त्याला सोलकढी द्या. खरे जुने खांब हवे असतील तर मुंबईत ओशिवऱ्याच्या बाजारात मिळतात. कुणाचं तरी घर पाडल्याशिवाय ते तिथे येत नाहीत, पण आपण वारसा वाचवतोय या भावनेनेच पैसे मोजावेत. वास्तूंच्या जतनाबद्दल 1964 साली व्हेनिसमध्ये एक सनद झाली. जुन्या वास्तूत नवं काम करावंच लागलं तर ते वेगळं ओळखू यावं आणि त्यावर आपल्या काळाची छाप असावी, असं ती सांगते. व्हेनिसवाल्यांचं ठीक आहे, त्यांच्याकडे पाणी दारात असतं. आपल्याकडे ते छपरातून येतं.

मंगलोरी कौलं तर हवीतच. ही कौलं बाझेल मिशनच्या युरोपियन मिशनऱ्यांनी 1865 साली मंगळूरला कारखाना काढून बनवायला सुरुवात केली आणि त्याआधी आपल्याकडे कुंभाराची नळीची कौलं नाहीतर गवत असायचं, ही माहिती पाहुण्यांना देऊ नका. 'हजारो वर्षांची परंपरा' असं फलकावर लिहून झालेलं असतं.

आता गवंडी. गावात एखादा म्हातारा गवंडी शिल्लक असेलच. त्याला घर दाखवायला बोलवा, चहा द्या, आणि त्याचं काहीही ऐकू नका. तो भिंतीवरून हात फिरवेल, चिऱ्यांमधला चुना नखाने खरवडून पाहील आणि म्हणेल, "दादानू, शिमीट लावलात तर भिंतीक घाम येतलो हां. चिऱ्यातला पाणी भायर खयसून पडतला?" तुम्ही हसून मान डोलवा आणि तालुक्याच्या कॉन्ट्रॅक्टरला फोन लावा.

म्हाताऱ्याचं म्हणणं असं की जांभा सच्छिद्र असतो. खाणीतून काढताना तो मऊ असतो, म्हणून चिरा नीट कापता येतो, आणि मग हवा लागून घट्ट होतो. पावसात तो पाणी पितो, उन्हात सोडतो. चुना आणि माती ही ये-जा होऊ देतात. सिमेंटचा गिलावा ती अडवतो. मग ओल आतल्या आत फिरते, क्षार फुगतात आणि तीन-चार पावसाळ्यांत गिलाव्याची खपली चिऱ्याचा चेहरा घेऊन खाली पडते. असलं सगळं ऐकत बसलं तर काम कधी होणार? शिवाय चुना भिजवून मुरवायला दिवस लागतात, आणि सिमेंटची गोणी नाक्यावर मिळते.

म्हणून नवी भिंत सिमेंट ब्लॉकची बांधा आणि तिच्यावर जांभ्याच्या पातळ चकत्या चिकटवा. होय, चिऱ्याच्या मुलखात, खाण दोन कोसांवर असताना, चिऱ्याची टाइल. जुन्या भिंतीचे सांधे सिमेंटने भरून वर पांढऱ्या रेघा ओढून घ्या, म्हणजे फोटोत प्रत्येक चिरा मोजता येतो. शेवटी दोन्हींवर चकचकीत पारदर्शक रंग मारा. पहिल्या दिवाळीपर्यंत घर पाकातल्या रताळ्यासारखं दिसतं. दुसऱ्या पावसाळ्यात त्या रंगाखाली पांढरे ढग येतात. तेव्हा 'अँटिक फिनिश' म्हणायचं.

जमिनीचंही असंच. शेणाने सारवलेली जमीन उखडून गुळगुळीत टाइल्स बसवा. खालची ओल टाइलमधून वर येऊ शकत नाही, मग ती बिचारी कडेकडेने सरकून भिंतीत चढते. पाहुण्यांच्या हौसेसाठी अंगणात चार फूट जागा सारवून ठेवा. तिथे चपला काढून उभं राहायचं, सेल्फी घ्यायचा, पाय धुवायचे.

छपराला मात्र जरा वेळ द्या, कारण घराचं खरं मातेरं तिथेच होतं. तुमची जुनी पडवी बघा. आढ्यापासून निघालेला उतार बाहेरच्या टोकाला इतका खाली येतो की उंच माणूस वाकून आत शिरतो. साधारण 3000 मिलिमीटर पाऊस, तोही समुद्राकडून तिरका मारणारा. तो भिंतीला लागू नये म्हणून वळचण खाली, आणि त्याउपर पावसाळ्याआधी विणलेल्या झापांचा आडोसा. तुम्हाला पडवी 10 फुटांनी पुढे न्यायची आहे. कौलांना साधारण 30 अंशांचा उतार लागतो, म्हणजे 10 फुटांत छप्पर जवळजवळ 6 फूट उतरणार. जुनी वळचण अगदी 7 फुटांवर धरली तरी नवी तुमच्या गुडघ्याखाली येईल आणि पाहुण्यांना रांगत चेक-इन करावं लागेल.

यावर तोडगा सोपा आहे: उतारच काढून टाका. छप्पर जवळपास आडवं करा. मग वाऱ्याने पाणी कौलांखालून उलटं वर चढेल, म्हणून कौलांखाली स्लॅब घाला. स्लॅब घातल्यावर कौलांना काही काम उरत नाही, म्हणून ती सिमेंटने स्लॅबला चिकटवून टाका. जुनं छप्पर आणि नवा स्लॅब जिथे भेटतात तिथे पत्र्याची पन्हळ ठेवा, जी पहिल्याच जुलैत आंब्याच्या पानांनी भरेल. नवा पाया बसायला वेळ घेतो, जुना कधीचा बसलेला. त्यामुळे दोन भिंतींच्या सांध्यात वरपासून खालपर्यंत एक चीर पडेल. ती लपवायला सूप, इरलं किंवा आजीचा फोटो टांगावा. आजीचा फोटो मोठा करून घ्या, चीर वाढते.

मे महिन्यात स्लॅबखालच्या खोलीत कुणी टिकत नाही, म्हणून एसी. एसीचं बाहेरचं धूड बैलगाडीच्या चाकामागे लपवतात. नसेल तर चाक विकत मिळतं. शेजारच्या जुन्या माजघरात दुपारी पंखा लागत नाही, पण तिथे पाहुणे कसे झोपतील? तिथे सामान ठेवलंय.

एवढं सगळं केल्यावर घर गळायला लागेल, नवं आणि जुनं दोन्ही, एकोप्याने. घाबरू नका, कोकणात याचा इलाज प्रत्येक वाडीत दिसतो. लोखंडी पाइप उभे करून अख्ख्या घरावर, कौलं, स्लॅब, झरोका, तुळशीसकट, एक भलीमोठी पत्र्याची शेड टाकायची. पत्रा साधा निळा घेऊ नका, काय आपण परंपरा सोडलीय थोडीच. कौलाच्या रंगाचा, कौलाची नक्षी ठोकलेला पत्रा मिळतो, तो घ्या. आणि शेडवाला 'गणपतीआधी काम उरकतो' म्हणाला, तर कुठल्या सालचा गणपती ते आगाऊ रक्कम देण्याआधी विचारून घ्या.