धुलाई भत्ता

गोव्यात कुंडईच्या आमच्या कारखान्यात पगाराची स्लिप मागणाऱ्याकडे संशयानं बघतात. "दुसरीकडे कुठे बघतोस काय रे?" हा पहिला प्रश्न. स्कूटरच्या कर्जासाठी बँकेला हवी आहे म्हटलं, तर "आता स्कूटर कशाला, कदंबची बस आहे ना?" स्लिप देणं मालकावर कायद्यानं बंधनकारक आहे, हे मी दबक्या आवाजात सांगून पाहिलं. शेवटी मिळाली. जुन्या डिलिव्हरी चलनाच्या पाठकोऱ्या कागदावर.

पगार 22,000. त्यात मूळ वेतन 8,000 आणि धुलाई भत्ता 6,000! बाकीचे प्रवास, चहापान आणि 'इतर'. मी बसतो स्टोअरमध्ये, अंगावर स्वतःचाच शर्ट. महिन्याला सहा हजारांचे कपडे धुवायचे तर शेजाऱ्यांचेही आणावे लागतील. बरं, धुतले तरी आषाढात फोंड्याला वाळतात कुठे? आमच्या घरी जूनपासून पंख्याखाली दोऱ्या बांधलेल्या असतात, बायको त्या ओलांडत चहा आणते, आणि गणपतीपर्यंत अंगाला तोच एक कुबट वास. त्याला भत्ता असेल तर गोष्ट वेगळी.

खरी मेख अशी की पीएफ मूळ वेतनावर कापायचा. 8,000चे बारा टक्के, 960. तेवढेच मालकाला घालावे लागतात, म्हणून मूळ वेतन बारीक आणि भत्ते गलेलठ्ठ. 21 नोव्हेंबर 2025पासून वेतन संहिता लागू झाली आहे. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. म्हणजे माझं वेतन 11,000 धरायला हवं. स्लिप घेऊन मी हे अकाउंट्समध्ये सांगायला गेलो, आणि तिथं काका बसले होते.

काका म्हणजे आमच्या पात्रांवचे, म्हणजे मालकाचे काका. वय सत्तरीपार. रोज दहाला येतात, पंख्याखालची खुर्ची धरतात, पेपर पहिल्या पानापासून निधन वार्तेपर्यंत वाचतात आणि जेवायला घरी जातात. कारखान्यात काय बनतं हे त्यांना माहीत असावं असं वाटत नाही.

"पगार सात तारखेच्या आत व्हायला पाहिजे, काका," मी म्हणालो. विषय निघालाच होता.

"सात तारीख कुठल्या महिन्याची, ते लिहिलंय का कायद्यात?"

"लिहिलंय. लगेच पुढच्या महिन्याची."

काका जरा खट्टू झाले. मग म्हणाले, "आणि रविवार आला तर?"

"काका, या वेळी एकोणीस तारीख उजाडली."

"मध्ये रविवार आले असतील बाबा."

अकाउंटंट खाली मान घालून हसत होता. त्याचा पगारही एकोणीसलाच झाला होता, तरी हसत होता!

मग मी मोबाइल काढून पीएफचं पासबुक दाखवलं. फेब्रुवारीपासून कोरं. स्लिपवर 960 कापलेले दिसतात, भरलेले मात्र कुठेच नाहीत. पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भरायचे असतात. माझ्या पगारातून कापून न भरणं म्हणजे विश्वासघाताचा गुन्हा. उशिराचा दंड-व्याज वेगळं. हे बोलताना माझा आवाज चढला असावा, कारण काकांनी पेपर घडी करून ठेवला.

"असं रागानं बोलू नये. पीएफ हा देवासारखा. दिसत नाही म्हणून नाही असं म्हणायचं नाही."

"देव पगारातून कापून घेत नाही, काका."

"देवळाची वर्गणी कोण कापतो मग?"

यावर काय बोलणार? माझे महिन्याला 960 गेले ते गेले, मालकाचे 960 आलेच नाहीत. पात्रांवनी नवी गाडी मात्र चवथीच्या आधीच आणली आहे. ती धुवायला रोज एक पोरगा येतो. त्याला धुलाई भत्ता मिळतो का, विचारायला हवं.

मी निघालो तर काकांनी हाक मारली. "त्या मोबाइलवर माझंही दिसेल काय रे?"

"तुमचं काय?"

"पीएफ. पुतण्यानं मला सुपरवायझर म्हणून घातलंय ना हजेरीपटावर."

अकाउंटंटचं हसू मावळलं. काकांनी खिशातून वही काढली, तिच्यात यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर टिपलेला, पासवर्डसुद्धा. मग त्यांच्याच फोनवर आलेला ओटीपी मला मोठ्यानं वाचून दाखवला. पासबुक उघडलं. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे, जून. ओळीनं भरणा, एकही महिना चुकलेला नाही.

काकांनी चष्मा वर करून नीट बघितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बघ, दिसतं की! तू नीट बघितलं नसशील."