डेलावेअर ओलांडणारा वॉशिंग्टन: कार्डावरचा मजकूर आणि खरी रात्र

नाताळ जवळ आला की हे शुभेच्छापत्र फिरू लागतं. बर्फाने भरलेली नदी, होडीत पाय रोवून उभा असलेला जॉर्ज वॉशिंग्टन, मागे तारे आणि पट्टे असलेला झेंडा. खालचा मजकूर साधारण असा असतो: 'डिसेंबर १७७६, नाताळच्या रात्रीचं हुबेहूब दृश्य. शत्रू दारू पिऊन झोपला होता, म्हणून वॉशिंग्टनने डेलावेअर ओलांडून ट्रेंटनची लढाई जिंकली. झेंडा धरणारा तरुण म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला जेम्स मन्रो.' अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या सैन्याचा सेनापती वॉशिंग्टन याने डेलावेअर नदी ओलांडली आणि न्यू जर्सीतलं ट्रेंटन गाव जिंकलं, एवढं खरं आहे. बाकीच्या मजकुराबद्दल मात्र बोलायला हवं.

आधी ते 'हुबेहूब' पाहू. चित्रकार इमॅन्युएल लॉइट्झचा जन्म १८१६ चा, म्हणजे घटनेनंतर चाळीस वर्षांनी झालेला. चित्र त्याने जर्मनीत, ड्युसेलडॉर्फच्या स्टुडिओत रंगवलं आणि ते १८५१ मध्ये पूर्ण झालं. पहिली प्रत स्टुडिओतल्या आगीत खराब झाली. ती दुरुस्त होऊन ब्रेमेनच्या संग्रहालयात गेली आणि १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली. कार्डावर दिसते ती दुसरी प्रत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे आणि ती साडेसहा मीटर रुंद आहे. १८४८ च्या युरोपातल्या क्रांत्या चिरडल्या गेल्या होत्या. त्या पराभूत सुधारकांना धीर द्यावा, हा लॉइट्झचा हेतू होता. त्यामुळे त्याला पुरावा मांडायचा नव्हता, आवाहन करायचं होतं. आकाशात उजाडतंय ते त्याचसाठी. प्रत्यक्षात ही माणसं अंधारात, गारा आणि हिमाच्या वादळात नदी पार करत होती. मध्यरात्रीपर्यंत सगळं सैन्य पलीकडे न्यायचं ठरलं होतं, पण तोफा उतरेपर्यंत पहाटेचे तीन वाजले.

झेंड्याचा मुद्दा एका ओळीचा आहे. तारे आणि पट्ट्यांचा तो राष्ट्रध्वज १४ जून १७७७ रोजी मंजूर झाला. नदी ओलांडली तेव्हा तो अस्तित्वातच नव्हता.

आता थोडं चित्राच्या बाजूने. या कार्डाची टर उडवणारेही पुष्कळ आहेत. 'होडीत असा कोणी उभा राहतो का, उलटली नसती?' हे त्यांचं आवडतं वाक्य. चित्रातली होडी फारच लहान आहे, हे मान्य. पण सैनिकांसाठी वापरलेल्या 'डरहॅम' होड्या लोखंडाचं खनिज वाहणाऱ्या होत्या: लांबलचक, उंच काठांच्या, प्रवाशांसाठी बाकं नसलेल्या. तोफा आणि घोडे सपाट तराफ्यांवरून गेले. अशा मालवाहू होडीत उभं राहणं हास्यास्पद नव्हतं, उलट तळाशी साचलेल्या बर्फाळ पाण्यात बसणं अवघड होतं. वल्ही मारणाऱ्यांत एक कृष्णवर्णीय दिसतो, त्यावरही काही जण नाक मुरडतात. होड्या चालवण्यात पुढे होती ती जॉन ग्लोव्हरची मार्बलहेडच्या दर्यावर्दींची पलटण, आणि तिच्यात कृष्णवर्णीय सैनिक होते. म्हणजे ज्या दोन गोष्टींना लोक हसतात, त्याच बऱ्यापैकी बरोबर निघतात.

मन्रो त्या होडीत नव्हता. अठरा वर्षांचा हा लेफ्टनंट आघाडीच्या तुकडीबरोबर आधीच पलीकडे पोहोचला होता. ट्रेंटनमध्ये शत्रूच्या तोफा ताब्यात घेताना त्याच्या खांद्यात गोळी घुसून रक्तवाहिनी तुटली. आदल्या रात्री वाटेत भेटून स्वतःहून सामील झालेल्या एका डॉक्टरने ती वेळीच दाबून धरली, म्हणून तो वाचला. लॉइट्झने त्याच्या हातात झेंडा दिला. मला विचाराल तर खांद्याची गोष्ट जास्त रंगवण्यासारखी होती.

राहिली दारू, आणि माझा खरा राग तिच्यावर आहे. ट्रेंटनमध्ये होते ते हेसियन, म्हणजे जर्मन राज्यकर्त्यांनी ब्रिटिशांना भाड्याने दिलेले कसलेले शिपाई. न्यू जर्सीच्या स्थानिक बंडखोरांनी त्यांना कित्येक दिवस चैन पडू दिली नव्हती. गस्तींवर हल्ले होत, इशाऱ्यावर इशारे येत, शिपाई अंगावरच्या कपड्यांनिशी झोपत. पंचवीसच्या संध्याकाळीही एका चौकीवर गोळीबार झाला होता. ते झिंगलेले नव्हते, दमलेले होते. त्यांचा घात केला तो वादळाने: अशा हवेत कोण येणार, म्हणून पहाटेची नेहमीची गस्त रद्द झाली.

त्याच वादळाने वॉशिंग्टनच्या योजनेचीही वाट लावली होती. तीन ठिकाणांहून नदी ओलांडायची होती, पण दुसऱ्या दोन तुकड्या ठरल्याप्रमाणे पोहोचल्याच नाहीत. उरले त्याच्याबरोबरचे सुमारे २,४०० लोक आणि १८ तोफा. पुढे नऊ मैलांची चाल, आणि त्या वाटेवर दोघे थंडीने गोठून मेले. सकाळी आठच्या सुमाराला हल्ला झाला. तासा-दीड तासात हेसियनांचा सेनानी योहान रॉल प्राणघातक जखमी झाला आणि त्याचे सुमारे ९०० लोक कैद झाले. 'शत्रू प्यालेला होता' म्हटलं की यातलं काहीच सांगावं लागत नाही. हेसियनांचा अपमान होतोच, अमेरिकनांचा विजयही फुकटचा ठरतो.

कार्डावर चित्र खुशाल छापावं, खाली लॉइट्झचं नाव आणि १८५१ साल घालावं. दारूची ओळ मात्र काढून टाकावी. काहींना ती ठेवायचीच असेल, तर वेळ आणि माणसं बदलून ठेवावी: हेसियनांच्या साठ्यातली रम लढाईनंतर अमेरिकनांच्या हाती लागली, आणि ट्रेंटनमध्ये झिंगले ते जिंकलेले सैनिक.