बी५५० बोर्ड, ५६००जी आणि निम्म्या वेगाची एसएसडी: एका प्रतिक्रियेला उत्तर

माझ्या लेखावर आलेली प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी तिचा गोषवारा असा: “तुमच्या लेखातल्या तक्त्यात बी५५० बोर्डासमोर ‘जेन ४’ लिहिलं होतं, म्हणून ७००० एमबी वेगाची महागडी एसएसडी घेतली. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी. वेग मिळतो ३४००. शिवाय ती लावल्यापासून जुनी ४ टीबीची हार्ड डिस्क दिसेनाशी झाली. असले अर्धवट तक्ते देऊन लोकांचे पैसे का घालवता? आणि वर डीरॅम नसलेल्या स्वस्त ड्राइव्ह सुचवता!”

यातला पहिला आरोप पूर्ण मान्य, दुसरा निम्मा, तिसरा अमान्य.

तक्ता बोर्डाच्या चिपसेटवरून (बोर्डावरचे भाग एकमेकांना जोडणारी चिप; बी५५० हे तिचंच नाव) लावला होता, ती चूक. एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायची खाच) बोर्डावर असतो हे खरं, पण बी५५० बोर्डाच्या वरच्या स्लॉटाच्या चारही लेन (माहिती वाहून नेणाऱ्या मार्गिका) थेट प्रोसेसरकडे जातात. बोर्ड तिथे फक्त रस्ता देतो, वेगमर्यादा प्रोसेसर ठरवतो. ५६००जी मध्ये पीसीआयई ३.० आहे, म्हणजे या जोडणीची तिसरी पिढी, ‘जेन ३’. त्याची एक लेन सेकंदाला साधारण ९८५ एमबी वाहून नेते, चार लेनच्या ३९४०, त्यातून वरखर्च वजा जाता ३४००-३५०० हाती लागतात. म्हणजे तुमचा आकडा अगदी बरोबर आहे. ड्राइव्ह बनावट नाही, बोर्डही खराब नाही.

एएम४ सॉकेटच्या रायझन प्रोसेसरांत ही फसगत नावांमुळे होते. ५६०० आणि ५६००एक्स जेन ४ चे, पण ५५००, ५६००जी, ५६००जीटी आणि ५७००जी जेन ३ चे. ५७००एक्स जेन ४, आणि नुसता ५७०० मात्र जेन ३! नावातल्या एका ‘एक्स’वर एवढं अवलंबून असेल असं सहसा कुणाच्या मनात येत नाही.

आता हार्ड डिस्क. ड्राइव्ह कुठल्या स्लॉटात लावली ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण डिस्क गायब झाली यावरून ती खालच्या, दुसऱ्या स्लॉटात असणार असा माझा अंदाज आहे. वरचा स्लॉट हीटसिंकखाली (उष्णता खेचणारी धातूची पट्टी) झाकलेला असतो, ग्राफिक्स कार्डही आडवं येतं, म्हणून बरेच जण खालचा गाठतात. तो चिपसेटकडून चालतो, आणि बी५५० चा चिपसेट स्वतः जेन ३ आहे. शिवाय सहा सॅटा पोर्ट (हार्ड डिस्कची केबल लावायच्या जागा) असलेल्या बऱ्याच बी५५० बोर्डांवर दुसरा एम.२ स्लॉट आणि सॅटा ५ व ६ यांच्या लेन सामाईक असतात. एम.२ भरला की ती दोन पोर्ट बंद होतात. बिघाड नव्हे, रचनाच तशी आहे. मॅन्युअलमध्ये हे तपशिलांच्या पानावर ‘स्टोरेज’ या शीर्षकाखाली, तारांकित तळटिपेत, मुंगीएवढ्या अक्षरात असतं. लेखात मी ‘मॅन्युअल बघा’ एवढंच लिहिलं, कुठे बघा ते नाही. म्हणून निम्मा दोष माझा.

उपाय पाच मिनिटांचा आहे. संगणक बंद करा, मागचा वीजपुरवठ्याचा खटका पाडा, पॉवरचं बटण पाचेक सेकंद दाबून धरा. हार्ड डिस्कची सॅटा डेटा केबल बोर्डाच्या बाजूने सोडवा आणि १ ते ४ पैकी रिकाम्या पोर्टात लावा. क्रमांक पोर्टाशेजारी बोर्डावर छापलेला असतो. एसएसडीला हात लावायची गरज नाही. चालू केल्यावर डिस्क पूर्वीच्याच अक्षराने दिसायला हवी. एक मात्र सांभाळा: विंडोजने ‘डिस्क इनिशियलाइझ करायची का’ किंवा ‘फॉरमॅट करायची का’ असं विचारलं तर नाही म्हणा आणि आधी केबल, पोर्ट पुन्हा तपासा. हा प्रश्न कोऱ्या डिस्कसाठी ठीक आहे. भरलेल्या डिस्कवर घाईने ‘हो’ म्हणणाऱ्यांची माहिती बोर्डामुळे जात नाही, त्या ‘हो’मुळे जाते.

ड्राइव्ह वर हलवावी का? ५६००जी आहे तोवर वेगात फरक पडणार नाही. पुढे ५६०० किंवा ५७००एक्स टाकायचा विचार असेल तर मात्र ती वरच्या स्लॉटातच हवी. तेव्हा कुठे ७००० दिसतील. हलवताना ग्राफिक्स कार्ड काढा, हीटसिंकचे स्क्रू सोडवा, ड्राइव्ह साधारण ३० अंशांत तिरकी सारून मग खाली दाबा. आधाराचा पितळी खुंट ८० क्रमांकाच्या भोकात असू द्या, कारण २२८० म्हणजे २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब. हीटसिंकच्या पॅडवरचं पारदर्शक प्लास्टिक सोलायला विसरू नका. ते तसंच ठेवून वर ‘ड्राइव्ह फार तापते’ म्हणणाऱ्यांची संख्या कमी नाही. ड्राइव्हवर स्वतःचा हीटसिंक असेल तर बोर्डाचा लावू नका, एकावर एक बसत नाहीत आणि दाबाने ड्राइव्ह वाकते.

शंका उरली तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे ड्राइव्हची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. ‘ट्रान्सफर मोड’ या रकान्यात उभ्या रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन गोष्टी दिसतात. डावीकडे सध्याची जोडणी, उजवीकडे ड्राइव्हची क्षमता. तुमच्याकडे ‘पीसीआयई ३.० एक्स४ | पीसीआयई ४.० एक्स४’ असं असणार. डावीकडे ‘एक्स२’ दिसलं तर प्रकरण वेगळं: स्लॉटाला दोनच लेन आहेत, आणि जेन ३ वर १७००च्या आसपास मिळणार.

तरीही ३४०० मिळाल्याचं दुःख फार करू नका. ७००० हा एका मोठ्या फाइलचा सलग वाचनवेग आहे. विंडोज सुरू होताना, ब्राउझर उघडताना लहान लहान तुकडे एकामागोमाग वाचले जातात. तिथे चांगली जेन ३ ड्राइव्ह आणि जेन ४ ड्राइव्ह दोन्ही सेकंदाला ६० ते ९० एमबीत असतात, सॅटा एसएसडी तीस-चाळीसच्या घरात, आणि हार्ड डिस्क तर १ एमबीच्याही खाली. हार्ड डिस्क ते एसएसडी ही उडी जाणवते. जेन ३ ते जेन ४ ही उडी बेंचमार्कमध्ये दिसते, खुर्चीत बसून क्वचित.

तिसरा आरोप. डीरॅम नसलेली ड्राइव्ह म्हणजे टाकाऊ, हे सरसकट खरं नाही. कुठली माहिती कुठल्या पेशीत आहे याचा नकाशा ड्राइव्हला लागतो. १ टीबीचा पूर्ण नकाशा साधारण १ जीबी भरतो, तो ठेवायला ड्राइव्हमधली जलद तात्पुरती स्मृती, म्हणजे डीरॅम. ती नसेल तर एनव्हीएमई ड्राइव्ह (सॅटाऐवजी पीसीआयईवरून चालणारी) संगणकाच्या रॅममधला छोटा हिस्सा, सहसा ६४ एमबी, उसना घेते. याला होस्ट मेमरी बफर म्हणतात, आणि घरच्या वापराला तो पुरतो. ही सोय सॅटावर नाही. म्हणून सॅटा एसएसडी घेताना डीरॅम बघाच, एनव्हीएमई घेताना तिच्यापायी जादा पैसे मोजू नका.

तुमच्या या तिसऱ्या तक्रारीत तथ्य आहे ते एवढंच: २०२४ साली विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीने हा उसना हिस्सा मोठा करू दिला आणि डब्ल्यूडीच्या एसएन७७० व एसएन५८० च्या २ टीबी ड्राइव्ह असलेले संगणक कोसळून निळा पडदा दाखवू लागले. कंपनीने फर्मवेअर (ड्राइव्हमधलं सॉफ्टवेअर) अपडेट दिलं आणि ते थांबलं. नवी ड्राइव्ह लावली की आधी फर्मवेअर तपासायचं ते यासाठी.

बघायचंच असेल तर पेशी टीएलसी (एका पेशीत तीन बिट) आहेत की क्यूएलसी (चार बिट) ते बघा. क्यूएलसी ड्राइव्ह रिकाम्या पेशी तात्पुरत्या एक-एक बिटाच्या म्हणून वापरून वेग दाखवते. एरवी त्याच पेशीत चार बिट बसतात, म्हणजे ४०० जीबी रिकामे असतील तर जलद लिहायला जास्तीत जास्त १०० जीबी. लग्नाचं ३०० जीबी चित्रीकरण एका दमात उतरवायला घेतलंत की पहिले १०० भुर्रकन जातात आणि मग वेग कित्येकदा हार्ड डिस्कच्या पातळीवर किंवा त्याहून खाली घसरतो. लेखनायुष्यातही (टीबीडब्ल्यू, म्हणजे एकूण किती टेराबाइट लिहिता येतील) तफावत आहे: १ टीबीत क्रूशियल पी३ (क्यूएलसी) २२० टीबीडब्ल्यू, डब्ल्यूडी एसएन७७० (टीएलसी, आणि डीरॅम नाही!) ६०० टीबीडब्ल्यू. मॉडेलच्या नावावरही विसंबू नका. क्रूशियल पी२ आधी टीएलसी होती, २०२१ मध्ये त्याच नावाखाली क्यूएलसी येऊ लागली.

इंटेलवाल्यांनी याच चुकीच्या तक्त्यावरून काही घेतलं असेल तर त्यांच्यासाठीही. बी५६० बोर्डावर दहाव्या पिढीचा प्रोसेसर असेल तर प्रोसेसरला जोडलेला पहिला एम.२ स्लॉट सहसा चालतच नाही. ड्राइव्ह मेली असं समजून परत करण्याआधी दुसऱ्या स्लॉटात लावून बघा. एच६१० वर एम.२ जेन ३ चाच, प्रोसेसर कितीही नवा असो. एच६१, एच८१ अशा जुन्या बोर्डांवर एनव्हीएमईवरून विंडोज सुरू करण्याच्या फंदात पडू नका, बायोसला (बोर्डावरच्या सुरुवातीच्या सॉफ्टवेअरला) ती ड्राइव्ह ओळखताच येत नाही. तिथे २.५ इंची सॅटा घ्या. एच८१ वर चारपैकी दोनच पोर्ट ६ गिगाबिटची असतात, त्यातलंच धरा.

तक्ता आज बदलला आहे. पहिला रकाना आता प्रोसेसरचा, दुसरा स्लॉटाचा, आणि सॅटा पोर्ट बंद होत असतील तर तिसऱ्यात त्याची नोंद. दुकानाची परतीची मुदत उरली असेल आणि प्रोसेसर बदलायचा नसेल तर ही ड्राइव्ह देऊन साधी टीएलसी घ्या. केबल हलवूनही डिस्क दिसली नाही तर बोर्डाचा पूर्ण मॉडेल क्रमांक आवृत्तीसकट खाली लिहा. आवृत्ती बहुधा बोर्डाच्या कोपऱ्यात ‘रेव्ह’ या अक्षरांपुढे छापलेली असते.