‘कसब असेल तर कागद कशाला?’ फिरणाऱ्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

व्यवसायांच्या राष्ट्रीय पात्रतांविरुद्ध, म्हणजे कारागिराचं काम देशभर एकाच मानकाने तपासून दिलेल्या प्रमाणपत्रांविरुद्ध, एक संदेश बराच फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: काम बोलतं, कागद नाही, पात्रतेच्या नादात कमी शिकलेला कारागीर बाहेर पडतो, मालक आपापल्या माणसांना शिकवून घेतोच, आणि ब्रिटनमध्ये हा प्रयोग केव्हाच फसलाय.

‘काम बोलतं.’ डोळ्यांना दिसतं तेवढंच बोलतं. वेल्डिंगची शिवण वरून एकसारखी, देखणी असते आणि आत धातू एकजीव झालेलाच नसतो. म्हणून वेल्डरच्या चाचणीत जोडाच्या पट्ट्या कापून वाकवून बघतात. आत खोट असेल तर तिथेच तडा उघडतो. गिऱ्हाईक हे कसं तपासणार? वायरमनचंही तेच. लाइन बंद आहे याची खात्री करायची तर टेस्टर आधी चालू लाइनवर लावायचा, मग बंद केलेल्या लाइनवर आणि परत चालू लाइनवर. मधल्या वेळात टेस्टरच बिघडला असेल तर जिवंत लाइनही मेलेली दिसते. ही शेवटची पायरी जुने-जाणते हातसुद्धा घाईत गाळतात, आणि अपघात होत नाही तोवर काम उत्तमच दिसतं. परीक्षक समोर उभा राहून नेमकं हेच बघतो.

‘कमी शिकलेला बाहेर पडतो.’ मला सर्वांत जास्त लागलं ते हे, कारण आज बाहेर पडलेला आहे तो हाच माणूस. पंधरा वर्षं फरशी बसवणारा परक्या शहरात गेला की पुन्हा हेल्पर म्हणून सुरुवात करतो. ज्या मिस्त्रीने त्याला घडवलं त्याच्या शब्दाला तिथे कोण ओळखतं? पात्रतेत अनुभवाची मोजदाद होऊ शकते. फ्रान्सने २००२ च्या कायद्याने कामाच्या अनुभवावर थेट पदविका मिळवण्याची वाट खुली केली. भारताच्या २०१३ च्या कौशल्य पात्रता आराखड्यातही आधीच अंगी असलेल्या कौशल्याला मान्यता देण्याची सोय आहे. यासाठी वर्गात बसावंच लागतं असं नाही. काम करून दाखवायचं, का केलं ते तोंडी सांगायचं. जिथे फरशीवाल्याला निबंध लिहायला लावतात तिथे संदेशातला राग रास्त आहे. पण तो परीक्षेच्या पद्धतीवर काढायला हवा.

‘मालक शिकवतोच.’ शिकवतो, आपल्या मशीनपुरतं. नोकरी सुटली की ते शिक्षण तिथेच राहतं. जर्मनीतही शिकाऊ उमेदवार मालकाकडेच घडतो, पण सुमारे सव्वातीनशे व्यवसायांची मानकं देशभर एकच आहेत. ती ठरवताना मालक आणि कामगार संघटना दोघेही असतात, आणि परीक्षक मंडळावर दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी व व्यवसाय शाळेचा शिक्षक बसतो. शिकवणारा मालक एकट्याने आपल्या उमेदवाराला पास करत नाही.

राहिला ब्रिटनचा दाखला, आणि तो अर्धा खरा आहे. १९८६ मध्ये तिथे अशा व्यवसाय पात्रतांसाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. प्रत्येक कामाचे इतके बारीक तुकडे पाडले गेले की परीक्षकांचा वेळ कामाकडे बघण्यापेक्षा रकाने भरण्यात जाऊ लागला, आणि बऱ्याच पात्रतांकडे कुणी फिरकलंच नाही. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही; नव्याने मानकं लिहिणाऱ्या प्रत्येकाने ते आधी वाचावं. पण यातून दिसतो तो लिहिण्यातला दोष. रोज ते काम करणाऱ्यांना बाजूला ठेवून मानकं लिहिली आणि मालकांनी ती मागितलीच नाहीत, की असं होतं. आणि सगळंच बुडालं असंही नाही: त्याच कुळातल्या स्कॉटलंडच्या पात्रता कामाच्या जागीच तपासून आजही दिल्या जातात.