इंजिन खेचत नाय

मुंबईत रस्त्यावर हळू जायला शंभर सबबी आहेत. मेट्रोचं खोदकाम, पुढे लग्नाची वरात, नाहीतर सिग्नलच बंद. समुद्रात यातली एकही चालत नाही. वर्सोव्याची खाडी सोडली की समोर सगळा अरबी समुद्र मोकळा, आणि तरीही होडी रांगत असेल तर लोकांना सांगायचं काय? त्यात स्कूटरी आणि स्कूटरींवर बसलेली माणसं घेऊन मढला निघालेली फेरीबोट शेजारून पुढे गेली, की मग सांगण्यासारखं काही उरतच नाही.

ही होडी माझ्या सासऱ्यांची. फायबरची, मागे ४० हॉर्सपॉवरचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, वयाने माझ्या लग्नापेक्षा मोठं. निम्म्या थ्रॉटलला जो वेग, तोच पूर्ण थ्रॉटलला. ‘खेचत नाय,’ एवढंच सासरे फोनवर म्हणाले आणि मला बोलावणं आलं, कारण जावई इंजिनिअर. मी सिव्हिल इंजिनिअर आहे. मी बांधलेली वस्तू जागची हलली तर माझी चौकशी लागते. हे मी सासुरवाडीत वारंवार सांगून पाहिलंय, पण तिकडे इंजिनवाला तो इंजिनिअर, विषय संपला.

किनाऱ्यावर पोहोचलो तर निदान आधीच झालेलं होतं. एक नाही, सात-आठ. पहिला प्रश्न प्रत्येकाचा एकच: ‘टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा हाय ना?’ (उघडा होता.) शेजारच्या होडीवाल्या काकांचं म्हणणं, दोष पेट्रोलमधल्या इथेनॉलचा. ते जुनं रबर खातं, पाणी ओढून घेतं. काका हल्ली गुडघेदुखीचं खापरही इथेनॉलवरच फोडतात. मेहुणा म्हणाला, ‘भावोजी, पंखा बदलूया, पीच कमीचा लावूया.’ पंखा म्हणजे पाण्याखाली फिरून होडी ढकलणारा प्रोपेलर, आणि पीच म्हणजे तो एका फेऱ्यात जितकं पुढे जायला हवा तितकं अंतर. एक इंच पीच कमी केला की इंजिनाचे मिनिटाला दीड-दोनशे फेरे वाढतात, हे त्याने मोबाइलवर वाचलं होतं. जाळं विणत बसलेल्या मावशींनी मान वर न करता विचारलं, ‘बूड बगितलंव का कोनी?’ कोणी लक्ष दिलं नाही.

मिस्त्री आले ते न बोलता. पिशवीतून प्लगच्या वायरीला गुंडाळायचा, मिनिटाचे फेरे मोजणारा छोटा मीटर काढला आणि होडी पाण्यात घातली. त्यांचं शास्त्र एका वाक्याचं होतं: ‘फेरे भरपूर नि होडी हळू, तर पंखा घसरतोय. फेरेच नाय, तर इंजिन दमलंय नायतर ओझं जास्त हाय.’ माझ्या चार वर्षांच्या पदवीत इतकं सरळ वाक्य मला कोणी ऐकवलं नव्हतं. असलं इंजिन पूर्ण थ्रॉटलला ५००० च्या पुढे फिरायला हवं. आमचं ३८०० वर अडकून बसलं.

तरी पंख्याचा संशय फेडायला हवा होता. पंख्याच्या आत रबरी बुश असतो. तो सुटला की मधला गाभा फिरतो आणि पाती मागे राहतात. ओळखायचं कसं? गाभ्यापासून बाहेरच्या कड्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारायची आणि होडी पळवून आणायची. रेघ तुटली तर बुश गेला. रंग नव्हता. माझ्या बायकोच्या पर्समध्ये लाल नेलपॉलिश होतं. रेघ शाबूत राहिली. त्या रात्रीची शांतता शाबूत राहिली नाही.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते. दोन्ही सिलिंडर जवळपास सारखे, ११० पीएसआयच्या आसपास. म्हणजे म्हाताऱ्याची छाती ठणठणीत. थ्रॉटलची केबल शेवटपर्यंत उघडत होती. पंख्याच्या दांड्याला नायलॉनची तंगूस गुंडाळलेली निघाली, ती कापली. फेरे ३८०० च. सासरे माझ्याकडे बघायला लागले. मी मीटरकडे बघत राहिलो.

मिस्त्रींनी मग पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा माझ्या हातात दिला. ‘मी फुल मारतो. तुमी दाबत ऱ्हावा.’ डॉक्टर रक्तदाब बघताना दाबतो तसा मी दाबत राहिलो, आणि काय सांगू, इंजिन शिंकलं, खाकरलं आणि एकदम सुटलं! नाक वर करून होडी पळाली. हात दुखून मी थांबलो, की पुन्हा ३८००. पेट्रोलचा पंप कमजोर होता. त्याच्या आतला पातळ पडदा कडक होऊन चिरला होता. वरच्या वेगाला लागणारं पेट्रोल पोहोचतच नव्हतं. मेहुण्याने उपाय सुचवला की पडदा मिळेपर्यंत भावोजींनी रोज पहाटे यावं.

पडदा बदलला. इंजिन ४७०० पर्यंत गेलं आणि तिथे पुन्हा बसलं. आता मात्र मावशी उठल्या. ओहोटीला होडी कलती केली तेव्हा पाण्याखालच्या बुडावर धारदार पांढऱ्या कवचांची आणि हिरव्या गवताची अख्खी वस्ती दिसली. अनधिकृत, आणि माझ्या अनुभवाने सांगतो, पालिकेलाही हटवता आली नसती इतकी पक्की. आम्ही ती दिवसभर खरवडली. पुढच्या भरतीला मीटरवर ५२०० दिसले आणि फेरीबोट मागे पडली. स्कूटरवरच्या एका माणसाकडे बघून सासऱ्यांनी हात हलवला. ओळख काहीच नव्हती.

संध्याकाळी श्रेयाचं वाटप झालं. पडदा खाल्ला इथेनॉलनेच, म्हणून काका बरोबर. बूड घाण होतं, म्हणून मावशी बरोबर, आणि त्यांना एक पापलेट. मिस्त्री तर बरोबर होतेच. त्यांना पैसे आणि पापलेट दोन्ही. मेहुण्याला पंखा बदलायला न दिल्याबद्दल भरपाई म्हणून कोलंबी. शेवटी सासरे माझ्याकडे वळले. जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘आमच्या जावयाने फुगा मात्र एक नंबर दाबला हां.’