पार्टचं वय विचारू नये

गाड्यांच्या डीलरशिपमध्ये पार्ट्सला नवीन लागला असाल तर पहिली गोष्ट, एजिंग रिपोर्ट (कुठला माल किती दिवस पडून आहे त्याची यादी) उघडायचा नाही. उघडलाच तर 0 ते 90 दिवसांचा कॉलम बघायचा, खूश व्हायचं आणि बंद करायचा. उजवीकडे 365 च्या पुढचा जो कॉलम असतो ना, तिकडे स्क्रोल करू नका, तिकडे आपले पूर्वज राहतात.

साहेबांनी विचारलंच तर सरासरी सांगा. समजा ऑइल फिल्टर 100 आहेत, 10 दिवसांपूर्वी आलेले, आणि बंद पडलेल्या मॉडेलचे आरसे 5, जे 1500 दिवस रॅकवर तपश्चर्येला बसलेत. सरासरी किती? 81 दिवस! कोण म्हणेल यात चार वर्षांचा डेड स्टॉक आहे? आणि तरी कोणी कुरकुरलं तर आणखी 100 फिल्टर आजच मागवून घ्या, सरासरी 41 वर येते, आरसे न हलता तरुण.

वय मोजायचं कुठून ही तर खरी कला. माल आला त्या तारखेपासून मोजलं की रडू येतं, म्हणून शेवटच्या विक्रीपासून मोजायचं, 12 क्लच प्लेटांतली एक गेली की उरलेल्या 11 त्याच दिवशी जन्मल्या. आणि विकलाच जात नसेल तर वर्कशॉपच्या नावावर इश्यू करा, संध्याकाळी परत जमा करून घ्या, बऱ्याच सिस्टीमला तेवढं पुरतं (पार्ट बिचारा बिनमधून, म्हणजे रॅकवरच्या आपल्या खणातून, हललेलासुद्धा नसतो).

गिऱ्हाईकासाठी खास मागवलेल्या पार्टला अ‍ॅडव्हान्स अजिबात घेऊ नका हं, बरं दिसत नाही. माझ्याकडे डाव्या दरवाज्याचं एक ट्रिम आहे, बेज रंगाचं, बॉक्सवर मार्करने 'अर्जंट!!' लिहिलंय आणि खाली तीन रेघा. मार्करचा काळा आता जांभळा झालाय, सेलोटेप पिवळी पडून नुसती कडकड वाजते. त्या माणसाने गाडीच विकली म्हणे. कंपनीला परत पाठवायची मुदत होती की, पण आम्ही रोज 'येईल हो आज-उद्या' करत बसलो आणि ती गेली.

पार्ट नंबर बदलून आला तर सरळ नव्या नंबरने मागवा, जुन्या नंबरचा तोच पार्ट शेजारच्या बिनमध्ये पडलाय हे कशाला बघायचं.

टायरपुढे मात्र आपली कला चालत नाही, त्याच्या अंगावरच चार आकडे छापलेले, 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. तेव्हा रचताना ती बाजू भिंतीकडे. नवा माल पुढे लावायचा, जुना मागे ढकलायचा, कारण मागचं काढायला वाकावं लागतं आणि कंबर आपली आहे. बॅटऱ्यांचं टेन्शन नको, त्या पडून पडून आपोआप उतरतात आणि त्यांचं वय गिऱ्हाईकच फोन करून कळवतं, सकाळी सकाळी, गाडी चालू होत नाही तेव्हा.

राहिलं ऑडिट. ऑडिटवाला स्क्रीनवर फारसा विश्वास ठेवत नाही, बॉक्सवरून बोट फिरवून बघतो, म्हणून आदल्या दिवशी फडकं मारून घ्या. फक्त सगळ्या रॅकना मारा. मागच्या खेपेला आम्ही घाईत तेवढ्या जुन्याच मालाची धूळ पुसली होती, तो आत आला आणि सरळ चकचकीत बॉक्सांकडे गेला.